फ्लॅटमध्ये लेझर मशीन: आधी खिडकी, मग वॅट

घरगुती लेझर मशीन घेताना बहुतेक जण वॅटच्या आकड्यापासून सुरुवात करतात. ठाणे-नवी मुंबईत घोडबंदर रोड, ऐरोली किंवा खारघरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने सुरुवात खिडकीपासून करावी. धूर बाहेर काढायची सोय नसेल तर लहानात लहान मशीनही त्या घरात चालवता येत नाही. सोय असेल तर ती किती मोठी आहे त्यावर ठरते, की फक्त कोरीवकाम करायचे की रोज एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली शीट) कापायचे. त्यानंतरचा प्रश्न म्हणजे कापायचे काय. या दोन्हींची उत्तरे कागदावर उतरली की मशीनची निवड बरीचशी झालेली असते.

कोणता किरण काय कापतो

घरासाठी तीन प्रकार मिळतात. डायोड मशीनचा किरण निळा, साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीतून येणारा किरण अदृश्य, १०,६०० नॅनोमीटरचा. धातूवर खुणा करणारा फायबर लेझर १,०६४ नॅनोमीटरचा. प्रत्येक पदार्थ यातला एखादा किरण शोषतो आणि दुसरा सोडून देतो. वॅट कितीही वाढवले तरी हे बदलत नाही.

निळा किरण लाकूड, प्लाय, एमडीएफ, पुठ्ठा, चामडे, काळे किंवा गडद अपारदर्शक अ‍ॅक्रिलिक व्यवस्थित कापतो. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून मात्र काचेतून ऊन जावे तसा तो आरपार जातो. वरची शीट तशीच राहते आणि खालचे टेबल जळते. निळ्या अ‍ॅक्रिलिकचेही बहुधा तसेच. पारदर्शक ट्रॉफी किंवा एलईडीचे नाइट लॅम्प करायचे असतील तर वायूच्या नळीचे मशीन लागते. ते उघड्या धातूवर काहीच करत नाही. पावडर कोटिंगच्या स्टीलच्या बाटलीवरचा रंग डायोड उडवतो, अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमवर खूण उठवतो. पितळ आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमसाठी मात्र फायबरच हवा.

आता वॅट. खोक्यावर ‘४० वॅट’ लिहिलेले असते, तो आकडा मशीन खात असलेल्या विजेचा आहे की बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा, हे आधी पाहा. विक्रेता सांगत नसेल तर अ‍ॅडॉप्टरची मागची बाजू वाचा. १२ व्होल्ट आणि ५ अँपियर म्हणजे ६० वॅट वीज. निळ्या डायोडमध्ये विजेच्या साधारण एक-तृतीयांशाचाच प्रकाश होतो, त्यातच मोटर आणि पंखेही चालायचे असतात. अशा अ‍ॅडॉप्टरवर ४० वॅटचा प्रकाश शक्यच नाही. एका डायोडमधून खात्रीने ५ ते ६ वॅट मिळतात. १० वॅटच्या डोक्यात दोन डायोडचे किरण एकत्र केलेले असतात, २० वॅटमध्ये चार. जितके किरण जोडावेत तितका ठिपका मोठा होतो, म्हणून फोटो कोरायला २० वॅटपेक्षा ५ किंवा १० वॅटचे डोके अधिक रेखीव काम देते.

घराच्या पाट्या, किचेन, खोकी, मखराचे भाग असे काम असेल तर १० वॅट प्रकाशाचे, बंद खोक्यातले डायोड मशीन घ्यावे. ५-६ मिलिमीटर प्लाय वरचेवर कापायचा असेल तर २० वॅट. एक्सटूल, ऑर्टर, स्कल्पफन, क्रिएलिटी यांची मॉडेल दर वर्षी बदलतात. नावापेक्षा चार गोष्टी तपासा: प्रकाशाचे वॅट, झाकण उघडताच किरण बंद होणे, एअर असिस्टची (किरणाच्या जागी हवेचा झोत सोडणाऱ्या पंपाची) जोडणी आणि सुटी लेन्स इथे मिळते का.

‘के ४०’ नावाने मिळणारे स्वस्त काचेच्या नळीचे मशीन फ्लॅटमध्ये आणू नये. त्यात दहा हजार व्होल्टच्या पुढचा पुरवठा आणि थंड करायचे पाणी शेजारीशेजारी असते, झाकणाला सुरक्षा स्विच बऱ्याचदा नसतो, आणि आपल्याकडच्या इमारतींचे अर्थिंग खात्रीचे असेलच असे नाही. ८ मिलिमीटर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक वर्षातून दोन-चारदाच लागत असेल, तर वागळे इस्टेट, रबाळे किंवा महापे भागात फाइल देऊन जॉबवर्क करून घेणे केव्हाही परवडते.

धुराची वाट

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि मशीन कपाटावर जाऊन पडते ते हिच्यामुळेच. एमडीएफमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. तो जळल्यावर डोळे चुरचुरतात, आणि घरात साचलेला वास पडद्यांतून दोन दिवस जात नाही.

स्लायडिंग खिडकी असेल तर काच तशीच ठेवा. रुळात बसेल अशी ६ मिलिमीटर प्लायची उभी पट्टी कापून घ्या, तिला १०० मिलिमीटरचे गोल भोक पाडा आणि त्यात डक्टची कॉलर बसवा. काम संपले की पट्टी काढून खिडकी लावता येते, भिंत फोडावी लागत नाही आणि सोसायटीशी वादही होत नाही. डक्ट अ‍ॅल्युमिनियमचा घ्या, प्लॅस्टिकचा नको. लांबी दोन मीटरच्या आत, वळणे शक्यतो एकच. इनलाइन पंखा, म्हणजे डक्टमध्येच बसणारा पंखा, मशीनला चिकटून न लावता खिडकीच्या टोकाला लावा. मग पूर्ण डक्टमध्ये ओढ राहते आणि एखाद्या सांध्याला फट असली तरी धूर घरात न येता घरातली हवा आत ओढली जाते. पंखा मशीनजवळ लावला की त्याच्या पुढच्या प्रत्येक फटीतून धूर बाहेर ढकलला जातो.

बाहेर जाणाऱ्या हवेइतकीच हवा खोलीत यायला हवी, म्हणून समोरचे दार किंवा दुसरी खिडकी बोटभर उघडी ठेवा. तेवढे केले नाही तर पंखा नुसता घरघरतो आणि मशीनच्या झाकणातून धूर निघतो. स्प्लिट एसी बंद ठेवा, कारण तो खोलीतलीच हवा फिरवतो. स्वयंपाकघरातल्या चिमणीला डक्ट कधीही जोडू नका. तिच्या जाळीत तेलाचा थर असतो आणि लेझरच्या धुरासोबत ठिणगी येऊ शकते.

पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो. पश्चिमेच्या खिडकीत डक्ट काढला तर धूर परत आत येतो आणि पाऊसही. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी मिळाली तर उत्तम, नाही तर डक्टच्या तोंडाला खाली वळलेले कोपर आणि झडप लावा. वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालायची वेळ टाळून काम करा. कोळशाचा फिल्टर लावून खोलीतच हवा सोडायचा पर्याय जाहिरातीत आकर्षक दिसतो, पण एमडीएफच्या धुराने फिल्टर झपाट्याने भरतो आणि दमट हवेत कोळशाची शोषणशक्ती घटते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर विसंबू नये.

काय कधीच ठेवायचे नाही

पीव्हीसी. हा एक शब्द पाठ करा, कारण तो निरनिराळ्या नावांनी समोर येतो: रेग्झिन, फ्लेक्स, व्हिनाइल स्टिकर, फोमचा साइनबोर्ड. सनबोर्ड म्हणून दुकानात मिळणाऱ्या शीटही बऱ्याचदा पीव्हीसीच्याच असतात. किरण लागताच त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुफ्फुसाला घातक आहेच, शिवाय खोलीतल्या दमटपणाशी मिळून त्याचे आम्ल होते आणि मशीनचे रूळ, स्क्रू काही दिवसांत गंजतात.

शीट कशाची आहे कळत नसेल तर तांब्याच्या तारेची परीक्षा करा. बाल्कनीत, हवेशीर जागी. तार पक्कडीने धरून ज्योतीत तापवा, ज्योतीला रंग उरणार नाही इतकी. गरम तार प्लॅस्टिकला टेकवा, थोडे वितळून चिकटेल. पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत झगझगीत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, ती शीट परत करा.

पॉलिकार्बोनेट कापले जात नाही, पिवळे-काळे पडून पेटते. एबीएस वितळते आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असते. थर्माकोल क्षणात पेटतो. चामड्यात क्रोमने कमावलेले टाळा. हिरडा-बाभळीच्या सालीत कमावलेले, कोल्हापुरी चपलेसाठी वापरतात तसे, चांगले कोरले जाते.

प्लाय निवडताना ग्रेड विचारा. आयएस ३०३ या भारतीय मानकाचा एमआर (ओलाव्याला टिकणारा) ग्रेड लेझरला बराच मवाळ असतो. आयएस ७१० चा मरीन प्लाय पाण्याला टिकतो तो फिनॉलच्या डिंकामुळे, आणि तोच डिंक किरणाला अडवतो. शिवाय साध्या कमर्शियल प्लायच्या आतल्या थरात पोकळ्या आणि पुटीचे डाग असतात. एकाच शीटवर एक भाग सहज सुटतो आणि दोन इंचांवरचा दुसरा अडकतो, ते यामुळे. सेटिंग बदलत बसण्याआधी शीटची कड पाहा. सुरुवातीला ३ मिलिमीटर एमडीएफ सर्वांत भरवशाचा. ८ बाय ४ फुटांची शीट दुकानातूनच मशीनच्या मापाचे तुकडे करून आणावी, रिक्षातही मावते.

पहिला दिवस

सपाट, हलणार नाही अशा टेबलावर मशीन ठेवा आणि खाली पत्र्याची शीट घाला. २०० मिलिमीटरचा चौरस कमी पॉवरवर पुठ्ठ्यावर उमटवा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २८२.८ मिलिमीटर यायला हवेत. एक कमी, एक जास्त आला तर फ्रेम काटकोनात नाही, स्क्रू सैल करून पुन्हा जुळवा. दोन्ही कर्ण सारखे पण बाजू १९८ भरत असेल तर कंट्रोलरमधले प्रति मिलिमीटर पावलांचे आकडे सुधारा. गोल अंडाकृती येत असेल तर बहुधा पट्टा सैल आहे.

सॉफ्टवेअरसाठी मोफत लेझरजीआरबीएल विंडोजवर चालते. रोज काम करणाऱ्याने लाइटबर्नचे पैसे द्यावेत, वेळ वाचतो. जीआरबीएल, म्हणजे मशीनच्या कंट्रोलरमधला प्रोग्राम, असलेल्या मशीनमध्ये दोन सेटिंग आधी पाहा. ‘$३२’ ची किंमत १ हवी, म्हणजे लेझर मोड चालू होतो आणि डोके न कापता नुसते सरकताना किरण बंद राहतो. ‘$३०’ मधला पॉवरचा कमाल आकडा सॉफ्टवेअरमधल्या आकड्याशी जुळायला हवा. मशीनमध्ये २५५ आणि सॉफ्टवेअरमध्ये १,००० असेल तर २६ टक्क्यांच्या वर सगळेच पूर्ण पॉवरवर जळते, आणि दोष लाकडाला दिला जातो. कोरताना कोपरे जास्त काळे पडत असतील तर किरण चालू करायला एम३ ऐवजी एम४ हा आदेश वापरा, त्यात वेग कमी होताच पॉवरही कमी होते.

मग फोकस. मशीनसोबत आलेला ठोकळा वापरून डोके पृष्ठभागापासून सांगितलेल्या उंचीवर ठेवा. शंका असेल तर पट्टीचे एक टोक उचलून तिरपी ठेवा आणि तिच्यावर सरळ रेघ मारा. रेघ जिथे सगळ्यात बारीक तिथली उंची खरी. वाकलेल्या शीटवर मध्यभागी आणि कडेला फोकस वेगळा पडतो, म्हणून शीट चुंबकाने किंवा पिनांनी जाळीला दाबून धरा.

वेग, पॉवर आणि खाल्लेली जागा

१० वॅटच्या डायोडसाठी सुरुवातीचे आकडे असे: लाकडावर कोरायला मिनिटाला ३,००० ते ५,००० मिलिमीटर वेग, ३० ते ५० टक्के पॉवर, दोन ओळींत ०.१ मिलिमीटर अंतर. ३ मिलिमीटर एमडीएफ कापायला १०० टक्के पॉवर, मिनिटाला २०० ते ३०० मिलिमीटर, एक किंवा दोन पास (त्याच रेघेवरून फेऱ्या). हे फक्त सुरुवातीसाठी. नवीन शीट आणली की तिच्या कोपऱ्यात १० मिलिमीटरचे गोल वेगवेगळ्या वेगांनी कापा: १५०, २००, २५०, ३००, ३५०. शीट उचलल्यावर आपोआप खाली पडलेल्या गोलांमधला सगळ्यात वेगवान निवडा आणि त्याहून १० टक्के हळू चालवा. जुलैतला एमडीएफ ओलसर असतो, त्याला मार्चचे आकडे लागू पडत नाहीत.

कापताना एअर असिस्टचा जोर मिनिटाला २० ते ३० लिटर ठेवा. हवा राख उडवते, ज्योत विझवते आणि लेन्सवर धूर बसू देत नाही. मत्स्यपेटीचा छोटा पंप कापण्यासाठी अपुरा पडतो. कोरताना मात्र हवा अगदी मंद करा, नाही तर धूर पृष्ठभागावर पसरून पिवळे पट्टे उठतात. पृष्ठभागावर कागदी मास्किंग टेप लावली तर हे डाग तिच्यावरच राहतात. प्लॅस्टिकची टेप चालत नाही.

खाचांनी जोडायची खोकी करताना किरणाने खाल्लेली जागा धरावी लागते. १०० मिलिमीटर लांबीची पट्टी दहा समान तुकड्यांत कापा, दोन्ही टोकांच्या रेघाही कापा. तुकडे एकमेकांना चिकटवून वर्नियरने मोजा. ९८.४ भरले तर १.६ मिलिमीटर दहा तुकड्यांत गेले, म्हणजे एका रेघेला ०.१६. आता शीटची जाडी मोजा, ‘३ मिलिमीटर’ लिहिलेली शीट बऱ्याचदा २.८ भरते. खाच २.८ वजा ०.१६, म्हणजे २.६४ मिलिमीटर काढा, ती कापल्यावर बरोबर २.८ होते. आतली भोके आधी कापा आणि बाहेरची रेघ सर्वांत शेवटी, कारण तुकडा सुटून हलला की आतले माप चुकते.

देवनागरी पाटी

मराठी पाट्यांमध्ये हमखास बिघडणारी गोष्ट म्हणजे शिरोरेषा. फॉन्टमधले प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची शिरोरेषा घेऊन येते आणि शेजारच्या अक्षरावर किंचित चढते. कागदावर छापताना ते दिसत नाही. लेझरच्या सॉफ्टवेअरला मात्र तिथे दोन आकार एकमेकांवर दिसतात. कोरले तर चढलेला भाग कोरा राहतो, शिरोरेषेत उभ्या पांढऱ्या चिरा दिसतात. कापले तर प्रत्येक अक्षराच्या सांध्यात रेघ जाऊन ‘सावंत’ चे तुकडे हातात येतात.

उपाय इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये. युनिकोड फॉन्टमध्ये मजकूर टाइप करा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, अनग्रुप करा, सगळी अक्षरे निवडून ‘युनियन’ द्या. बाह्यरेषेच्या दृश्यात जाऊन शिरोरेषेत एकही आडवी-उभी आतली रेघ उरली नाही याची खात्री करा. मग एसव्हीजी करून मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये न्या आणि तिथे रुंदी पुन्हा मोजा, कारण आयात करताना माप कधी कधी बदलते.

अनुस्वाराचा विचार वेगळा. ‘सावंत’ अख्खे नाव कापून पाटीवर चिकटवायचे असेल तर बाकी सगळे शिरोरेषेने जोडलेले राहते, टिंब तेवढे सुटते. एक तर ते शिरोरेषेला १.५ मिलिमीटरच्या दांडीने जोडा, किंवा नाव ज्या शीटमधून कापले तिचा उरलेला साचा पाटीवर ठेवून टिंब त्याच्या भोकातून जागेवर चिकटवा. दुसरी पद्धत दिसायला सुंदर. याउलट शीटमध्येच अक्षरांच्या आकाराची भोके पाडायची असतील तर ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातला गोल निखळून पडतो, त्याला पूल ठेवावेच लागतात. बारीक फॉन्ट टाळा. ३ मिलिमीटर एमडीएफमध्ये सगळ्यात अरुंद भाग अडीच मिलिमीटरपेक्षा कमी झाला की शिरोरेषा सोलताना मोडते. मुक्ता किंवा बालू फॉन्टची जाड वजने चांगली पडतात. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हेही पाहून घ्या. दारावरची पाटी रोज दिसते, तिथे परके वळण खटकते.

डोळे आणि आग

उघड्या चौकटीचे डायोड मशीन चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गाचा लेझर आहे, त्याचा परावर्तित किरणही दृष्टी घालवू शकतो. चष्म्यावर छापलेली तरंगलांबी ४५० नॅनोमीटरला झाकते का आणि ओडी (काच किरण किती अडवते तो आकडा) ५ किंवा अधिक आहे का ते वाचा. नुसती रंगीत काच उपयोगाची नाही. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर बंद खोक्याचेच मशीन घ्या.

मशीन चालू असताना खोली सोडू नका, दारावरची बेल वाजली तर आधी पॉज करा. आग बहुतेक वेळा तीन ठिकाणी लागते: पुठ्ठा कापताना, जाळीखाली साचलेल्या कचऱ्यात, आणि एअर असिस्ट चालू करायला विसरल्यावर. राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आल्यापासून गणपतीच्या मखरासाठी पुठ्ठा भरपूर कापला जातो. पन्हळी पुठ्ठ्याच्या पोकळ्यांतून ज्योत आतल्या आत सरकते, म्हणून त्याला वेग जास्त आणि पॉवर कमी ठेवून दोन पास द्या. हाताशी दोन किलोचे कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक ठेवा. पावडरचे वापरले तर आग विझते, पण पावडर लेन्स आणि रुळांत जाऊन मशीन निकामी करते. वीज गेली तर काम मधेच तुटते आणि पुन्हा जुळत नाही. १० वॅट डायोड मशीनची वीज इतकी कमी असते की ६०० व्हीएचा साधा यूपीएस त्याला काही मिनिटे सांभाळतो.

पावसाळा आणि देखभाल

एमडीएफ आणि प्लाय उभे करून ठेवू नका. आडवे, वर वजन, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. खाडीकडच्या इमारतींत रूळ लवकर गंजतात. गोल स्टीलचे रॉड असतील तर महिन्यातून एकदा पुसून पातळ मशीन ऑइलचा हात फिरवा, रबरी चाकांच्या रुळांना मात्र तेल लावू नका, चाके घसरतात.

वायूच्या नळीचे मशीन असेल तर पाणी डिस्टिल्ड वापरा, आणि ते थंड करणारा चिलर पावसाळ्यात १८ अंशांवर ठेवू नका. खोलीत २९ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड नळीवर पाणी धरते आणि उच्च व्होल्टेजच्या टोकाशी ठिणगी पडते. पाणी दवबिंदूच्या एक-दोन अंश वर ठेवून पॉवर कमी लावा, किंवा एसी लावून खोली आधी कोरडी करा.

कालपर्यंत सुटणारी शीट आज अडकली तर आधी लेन्स पाहा. मशीन बंद करून, डोके थंड झाल्यावर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा अलगद फिरवा, दुसऱ्या कोरड्या बोळ्याने टिपा. हँडवॉश, थिनर किंवा शर्टाची कड वापरू नका. लेन्स स्वच्छ असूनही फरक पडला नाही तर एक्झॉस्टच्या पंख्याची पाती पाहा. एमडीएफच्या धुराचा चिकट थर बसून ती जड होतात, धूर खोक्यात रेंगाळतो आणि किरण त्या धुरातच अडतो. पाती खरवडून पुसा आणि तीच शीट, त्याच आकड्यांवर पुन्हा कापून बघा.